वीसपैकी वीस कुणाला द्यायचे?

वाचकांचे प्रश्न : गुणदान आणि मूल्यमापन

गुणदानाबद्दल प्रश्न पाठवा, असे मागच्या अंकात आवाहन केले होते. पेपर कसा तपासावा हे विचारणारी पत्रे थोडीच आली. बहुतेकांचा प्रश्न निराळा आहे: खरे गुण लिहिले तर निभावून कसे न्यायचे? नावे-गावे पत्रलेखकांच्या इच्छेवरून गाळली आहेत, पत्रेही थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी अनुदानित शाळेत दहावीला मराठी शिकवते. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांचे तक्ते भरण्याआधी मुख्याध्यापक सरांनी बैठकीत सांगितले, ‘१८च्या खाली कुणी जायचे नाही. शेजारची शाळा सरसकट २० देते, मग आपली मुले मागे का ठेवायची?’ माझ्या वर्गात चार-पाच मुलांनी वर्षभरात एकही स्वाध्याय पूर्ण केलेला नाही. त्यांनाही १८ द्यायचे? आणि नाही दिले तर नुकसान मुलांचेच होणार ना?
— एक माध्यमिक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : सरांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही, म्हणून आधी त्यांची बाजू. मार्च २०१९च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. २०१८ला ८९.४१ टक्के लागलेला दहावीचा निकाल त्या वर्षी ७७.१० टक्क्यांवर आला. अंतर्गत गुण परत आणल्यावर २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ला अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण या वीस गुणांच्या माथी मारता येणार नाही. पण या गुणांनी निकाल किती हलतो ते शाळाशाळांना त्या तीन वर्षांत कळून चुकले. शिवाय २०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन गुणवत्ता यादीने होतात. यादीत दोन-चार गुणांनी मूल मागे पडते हे खरे आहे. शेजारची शाळा फुकट वाटत असेल तर तुमच्या मुलांवर अन्याय होतो, हेही खरे.

आता दुसरी बाजू, आणि तिच्यात साधे गणित आहे. उत्तीर्ण व्हायला लेखी आणि अंतर्गत मिळून १००पैकी ३५ लागतात. २० आधीच पदरात पडले तर लेखीत ८०पैकी १५ पुरतात, म्हणजे पावणेएकोणीस टक्के. एवढ्यावर ते मूल अकरावीत जाऊन बसते आणि पहिल्या घटक चाचणीलाच गळपटते. दुसरे नुकसान तुमच्या वर्गातच होते. ‘बाई सगळ्यांनाच देतात’ ही बातमी एका तुकडीकडून पुढच्या तुकडीला जाते, आणि दिवाळीनंतर स्वाध्यायाच्या वह्या येणे बंद होते. तुमच्या त्या चार-पाच मुलांनी काम का केले नाही, याचे निम्मे उत्तर मागच्या वर्षीच्या तक्त्यात सापडेल.

आम्ही हे असे करू. विषयाच्या २० गुणांची विभागणी मंडळाने दिलेलीच घ्यायची, मात्र प्रत्येक तुकड्यासाठी गुण कशाला मिळणार ते जूनमध्ये लिहून वर्गात लावायचे. समजा, भाषण-संभाषणाला ५ गुण आहेत. पट्टी अशी आखता येते: दिलेल्या विषयावर साधारण दोन मिनिटे स्वतःच्या वाक्यांत बोलला आणि तुमच्या एका प्रतिप्रश्नाला धरून उत्तर दिले तर ५, बोलला चांगला, पण प्रतिप्रश्नाला पाठ केलेलेच पुन्हा म्हटले तर ४, मुद्दे बरोबर, पण कागदात बघून वाचले तर ३, तुम्ही प्रश्न विचारत गेलात तेव्हा तुटक वाक्यांत उत्तरे दिली तर २, उभा राहिला, विषयाचे एखादे वाक्य बोलला तर १. बोलीतले उच्चार, ‘न’-‘ण’, अंगावरचे कपडे, धिटाई यांना या पट्टीत जागा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण तोंडी परीक्षेत नकळत गुण जातात ते इथेच. शहरी वळणाचे बोलणारे मूल दोन वाक्यांतच ५ घेऊन जाते.

स्वाध्यायांचे गुण वेळेवर, पूर्ण आणि स्वतः केल्याचे. ‘स्वतः’ तपासायला वहीतलेच एक वाक्य काढून ‘हे असे का लिहिलेस?’ एवढे विचारले की पुरते. मग पुन्हा संधी ठेवा. कोणताही तुकडा जानेवारीअखेरपर्यंत एकदा सुधारून घेता येईल आणि दुसऱ्या वेळचे गुण धरले जातील, असे आधीच जाहीर करा. काम केलेल्या मुलाला या पद्धतीने १६, १७, १९ मिळायला काही अडचण नाही. पट्टी कडक असावी असा आमचा आग्रह नाही, ती खरी असली म्हणजे झाले. सगळ्या राज्यात हात सैल असताना तुम्ही एकट्यांनी विद्यापीठाच्या तोऱ्यात गुण कापले तर तोही अन्यायच. पण उदार पट्टी आणि ‘१८च्या खाली नाही’ हा हुकूम यांत फरक आहे. उदार पट्टीत मुलाला निदान काहीतरी करावे लागते.

त्या चार-पाच मुलांना परीक्षेआधी बोलवा. राहिलेल्यांपैकी तीन स्वाध्याय ठरवून द्या, शाळेतच बसवून करून घ्या. त्यातल्या एकाला घरी बसायला जागा नसेल, एक कामाला जात असेल, एकाला मुळात वाचताच येत नसेल. दया दाखवायची ती इथे, गुण लिहिण्याच्या आधी. एवढे करूनही ज्याने काही दिले नाही, त्याला जे होतात तेच गुण लिहावेत.

सरांशी बोलणे फेब्रुवारीत तक्ता पुढ्यात असताना करू नका. त्या वेळी कुणाचेच डोके थंड नसते. जून-जुलैत विषय समितीच्या बैठकीत पट्टी मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. ऐन वेळी तोंडी आदेश आला तर त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र द्या: ‘आपण आज बैठकीत दिलेली सूचना मला अशी समजली, माझ्याकडील नोंदींनुसार गुण सोबत जोडले आहेत, बदल अपेक्षित असल्यास लेखी कळवावे.’ पोच घ्या. बहुतेक वेळा लेखी काहीच येत नाही आणि विषय तिथेच मिटतो. तुमच्या सहीनंतर आकडे बदललेले दिसले तर नव्या तक्त्यावर सही करू नका; मूळ तक्त्याची प्रत तुमच्यापाशी हवीच. त्याच्या पुढची पायरी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) आणि विभागीय मंडळ. पत्र लिहिणारी शिक्षणसेवक (मानधनावरची, अजून कायम न झालेली शिक्षिका) असेल तर एकटीने ही पायरी चढू नये. निदान विषय समितीतले दोघे सोबत घ्यावेत.

प्रश्न : मंडळाचे पेपर तपासताना ८०पैकी २६-२७वर अडकलेली उत्तरपत्रिका आली की हात थांबतो. २८ केले की ३५ टक्के होतात. एक-दोन गुणांसाठी कुणाचे वर्ष घालवायचे?
— एक परीक्षक, नाशिक विभाग

उत्तर : तुमच्या हातात ८० आहेत, १०० नाहीत. मुलाचे अंतर्गत गुण तुम्हाला दिसत नाहीत, त्यामुळे २६वाला पास होणार की नापास हे तुम्हाला ठाऊकच नाही. ज्याच्यावर तुम्ही दया करताय तो बहुधा आधीच पार झालेला असतो. थोडक्यात राहिलेल्यांसाठी सवलतीचे गुण आहेत, पण ते मंडळ निकाल तयार करताना नियमाने देते. परीक्षकाने आपल्या पदरचे गुण वाढवले की त्या मुलाला ही सवलत दोनदा मिळते आणि शेजारच्या गठ्ठ्यातल्या मुलाला एकदाच.

उत्तरपत्रिका पुन्हा बघायला हरकत नाही, उलट बघावीच. पण एक सापळा आहे. फक्त २६-२७च पुन्हा तपासले तर चुका एकाच दिशेच्या सापडतात, कारण शोध तेवढ्याचाच चाललेला असतो. म्हणून पट्टा धरा, समजा २५ ते ३१, आणि त्यातल्या सगळ्या पुन्हा बघा. २९चा २७ झाला तरी तो तसाच ठेवण्याची तयारी असेल, तरच २६चा २८ करण्याला अर्थ आहे.

गुण खरोखर बुडतात ते निराळ्याच ठिकाणी. पुरवणी मागे बांधलेली असते आणि पाने चिकटलेली. शेवटच्या पानाच्या मागे चार ओळी असतात. एकच उपप्रश्न मुलाने दोनदा लिहिलेला असतो आणि तपासला जातो पहिला, तोही अर्धवट खोडलेला. आतले गुण मुखपृष्ठावर उतरवताना ‘२ ब’ राहून जातो. बेरीज एकदा वरून खाली, एकदा खालून वर करा आणि प्रत्येक पानावर, कोऱ्या पानावरही, खूण करा. थकव्याचा परिणाम वेगळाच: गठ्ठ्यातल्या पहिल्या पाच-सहा उत्तरपत्रिका सगळ्यांत कडक तपासल्या जातात, कारण तोवर मुले साधारण काय लिहितात याचा अंदाज आलेला नसतो. गठ्ठा संपला की या पहिल्या पाच पुन्हा घ्या. नियामकांची (परीक्षकांचे काम तपासणाऱ्या वरिष्ठांची) हरकत नसेल तर निबंध-पत्रासारखे मोठे प्रश्न गठ्ठाभर सलग तपासावेत. एका मुलाच्या सुरेख अक्षराचा प्रभाव पुढच्या प्रश्नावर पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंडोपाध्याय या खटल्यात परीक्षार्थीला तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते असे ठरवले. परीक्षकाचे नाव मात्र उघड करायचे नाही. म्हणजे तुम्ही दिलेला प्रत्येक अर्धा गुण मूल कधीतरी बघणार आहे हे धरूनच लाल शाई चालवायची.

आणि ‘सर, लग्न ठरलंय, पास करा’ असे लिहिलेले सापडले, किंवा नोट टाचलेली सापडली, तर त्याच दिवशी उत्तरपत्रिका आहे तशी नियामकांकडे लेखी द्या. स्वतः फाडून टाकणे, नोट खिशात घालणे किंवा दान करणे, तिन्ही चूक.

प्रश्न : द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत माझ्याकडे तिसरी-चौथीची ३४ मुले आहेत. आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आम्ही सगळेच एप्रिलमध्ये दोन-तीन रात्री बसून तयार पुस्तकातून उतरवतो. ‘वाचन चांगले करतो’, ‘उपक्रमात सहभागी होतो’. मनाला पटत नाही, पण पर्याय दिसत नाही.
— एक प्राथमिक शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१०चा. त्यात आकारिकला वजन बरेच आहे: पहिली-दुसरीला ७०, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०. उरलेले संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. म्हणजे तुमच्या मुलांचे शंभरातले साठ गुण ज्या नोंदींवर उभे आहेत, त्याच नोंदी एप्रिलच्या रात्री जन्माला येतात. मनाला पटत नाही हे बरोबरच आहे.

काम कमी केल्याशिवाय खरे लिहिले जाणार नाही, म्हणून कमी करा. रोज दोन मुले. ३४ मुलांची एक फेरी १७ शाळेच्या दिवसांत होते, एका सत्रात चार-पाच फेऱ्या निघतात. त्या दिवशी फक्त त्या दोघांकडे जाणीवपूर्वक बघायचे आणि सुट्टीच्या घंटेआधी प्रत्येकी एक ओळ, तारीख घालून. वही साधी दोनशेपानी, प्रत्येक मुलाला चार पाने. छापील नोंदवही भरायची वेळ आली की यातून उतरवायचे.

ओळ कशी हवी? ‘गणितात सुधारणा आवश्यक’ हे वाचून पुढच्या वर्षीच्या बाईंना काहीच कळत नाही. त्याऐवजी: ‘५२ वजा २७ = ३५. दशक उसना घेतो, पण दशकाच्या घरातून एक कमी करायला विसरतो.’ एवढ्या ओळीत दुखणे कळते आणि औषधही: दांड्यांचा गठ्ठा सोडवून दाखवायचा, पाचाच्या जागी चार लिहून घ्यायचे. दहा दिवसांनी त्याच मुलाच्या पानावर ‘५३ वजा २८ = २५, उसना नीट’ अशी ओळ आली की तुमची ‘विशेष प्रगती’ची नोंद आयतीच तयार. भाषेतही तसेच: ‘जोडाक्षर आले की थांबतो, ‘रस्ता’ सुटा वाचतो, पण गोष्टीचा अर्थ विचारला तर अचूक सांगतो.’

दर दिवशी दोन नाही जमले तर एक. बैठका, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहित्या यांत आठवडा गेला तर त्या आठवड्याची पाने कोरी राहू द्या. तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांना कोरी पाने दाखवणे अवघड वाटते, हे खरे. पण ३४ मुलांच्या पानावर एकच वाक्य दाखवणे जास्त अवघड असायला हवे.

प्रश्न : माझ्या मुलीला चौथीत मराठीला अ-२ श्रेणी आहे. घरी तिला वर्तमानपत्रातला साधा मथळाही धड वाचता येत नाही. शाळा आम्हाला फसवते आहे का?
— एक पालक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : फसवते असे लगेच म्हणू नका, आधी श्रेणी उलगडून बघा. अ-२ म्हणजे ८१ ते ९० गुण. चौथीत ६० आकारिकचे, ४० संकलितचे. आकारिकला सगळ्या वर्गाला ५८ देण्याची पद्धत असेल, तर परीक्षेत ४०पैकी २५ मिळालेल्या मुलाचे होतात ८३, म्हणजे अ-२. परीक्षेत १६ मिळाले तरी ७४, ब-१. परीक्षेत शून्य मिळवणाऱ्या मुलाचेसुद्धा ५८ होतात आणि प्रगतिपुस्तकावर क-१ दिसते. ही मांडणी आम्ही उदाहरणादाखल केली आहे. तुमच्या शाळेत काय झाले ते तुकडे बघितल्याशिवाय कळणार नाही.

घरी एकदा तपासा. तिसरीच्या बालभारतीतला, तिच्या पाठांतरात नसलेला एक परिच्छेद द्या. वर्तमानपत्राचा मथळा चाचणीला योग्य नाही, त्यात क्रियापदे गाळलेली असतात आणि नावे अनोळखी. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून दोन प्रश्न विचारा. अडखळली पण अर्थ सांगितला, तर काळजी कमी. घडाघडा वाचले आणि अर्थ काहीच नाही, तर जास्त.

मग बाईंकडे जा, पण प्रगतिपुस्तक आपटायला नको. ‘बाई, मराठीचे आकारिक आणि संकलित वेगवेगळे किती आहेत? आकारिकमध्ये प्रकट वाचन कधी घेतले होते? ती कुठे अडते असे तुम्हाला दिसते?’ या तीन प्रश्नांना उत्तर मिळाले तर शाळा मुलीला ओळखते. उत्तर मिळाले नाही, तर बाईंनाही प्रश्न कळला असेल. खरी श्रेणी ब-२ आली तर शाळेला धन्यवाद द्यायची तयारीही ठेवा. पालक भांडतात म्हणून वाढवलेल्या श्रेणी आम्ही ऐकून आहोत, आणि त्यात चूक एकट्या शिक्षकाची नसते.

प्रश्न : पाचवीच्या वार्षिक परीक्षेत पुनर्परीक्षेला एकही मूल राहता कामा नये, अशी तोंडी सूचना आली आहे. माझ्या वर्गात तिघांना खरोखर येत नाही.
— एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : मग तिघे राहतील. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ला जी दुरुस्ती झाली, तिने पाचवी-आठवीला वर्षाअखेरीची परीक्षा ठेवली आणि त्यात नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. आपल्याकडे ही परीक्षा २०२३-२४पासून सुरू झाली. त्याच दुरुस्तीत असेही आहे की नापास मुलाला जादा मार्गदर्शन मिळाले पाहिजे आणि निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा. म्हणजे ‘पुनर्परीक्षा’ हा शिक्का त्या मुलाला जादा शिकवणीचा हक्क मिळवून देतो. तुम्ही ३५ टक्क्यांवर ढकलून पास केले की हा हक्क जातो आणि सहावीच्या शिक्षकाच्या पदरात पाचवीचे ओझे पडते.

सुट्टीत शाळेत कोण येणार हा खरा प्रश्न आहे, विशेषतः तुमच्याकडे, जिथे घरे कामासाठी बाहेर पडतात. म्हणून फेब्रुवारीतच तिघांच्या पालकांना बोलवा, मूल कुणाकडे राहणार ते विचारा, तिघांना येत नसलेल्या नेमक्या गोष्टींची यादी करा. पाचवीच्या मुलाची यादी बहुधा लहानच निघते: हातच्याचा गुणाकार, भागाकार, सलग वाचन. सूचना देणाऱ्यांना हीच यादी आणि जादा तासिकांचे वेळापत्रक लेखी पाठवा. त्यावर ‘तरी पास करा’ असे कुणी कागदावर लिहून देत नाही.

थोडक्यात उत्तरे

*स्वतःचा मुलगा माझ्याच वर्गात आहे (पालघर).* शिकवा, पण त्याचे पेपर सहकाऱ्याला तपासायला द्या आणि हे मुख्याध्यापकांना लेखी कळवा. तोंडी परीक्षेलाही दुसरे कुणी बसवा. बरेच शिक्षक अशा वेळी आपल्या मुलाला मुद्दाम दोन गुण कमी देतात. तेही खोटेच गुण.

*वर्गातलीच मुले माझ्याकडे शिकवणीला येतात (जळगाव).* शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी करताच येत नाही. गुणदानाचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

*प्रकल्प पालकच करून देतात, आता तर मोबाईलला सांगून लिहून घेतात (ठाणे).* फाइलला थोडे गुण, बोलण्याला जास्त. मुलाला फाइल बंद करून तीन मिनिटे सांगायला लावा: माहिती कुठून आणली, त्यातले काय पटले नाही, पुन्हा केला तर काय बदलशील. विचारल्याशिवाय शून्य देऊ नका. खरोखर छान लिहिणारे मूल असतेच. आणि थर्मोकोलच्या किल्ल्याला सजावटीचे गुण देणे बंद करा, म्हणजे पालकांचीही सुटका.

*खूप कष्ट करणाऱ्या पण मागे पडणाऱ्या मुलाला चार गुण जास्त द्यावेसे वाटतात (सिंधुदुर्ग).* कष्ट वर्णनात्मक नोंदीत लिहा, ठळक लिहा, पालकांना बोलावून सांगा. गणिताच्या गुणात मिसळू नका. मिसळलेत तर त्याला गणित येते असे सगळे समजतील आणि मदत थांबेल.

प्रश्न : घटक चाचणीचे पेपर वाटल्यावर आठवीतला एक मुलगा येऊन म्हणाला, ‘सर, बेरजेत तीन गुण जास्त दिलेत.’ खरेच होते. त्याचे गुण कापले तर पुढच्या वेळी कोण सांगायला येईल? नाही कापले तर बाकीच्यांचे काय?
— एक गणित शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : आमच्यात यावर एकमत झाले नाही, म्हणून दोन्ही मते देतो. एक मत: चूक शिक्षकाची, तिची किंमत मुलाने का द्यावी, पेपर वाटल्यावर दोन दिवसांत मुलाने स्वतः दाखवलेली जादा बेरीज कमी करायची नाही, असा नियम वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाकावा. दुसरे मत, आणि आमच्यातल्या बहुतेकांचे हेच: गुण कमी करावेत. जादा गुण बक्षीस म्हणून राहिले की खरे बोलण्याला भाव लागतो आणि पुढच्या वेळी मुलगा कशासाठी आला ते कळत नाही. मात्र मुलाशी एकट्याने बोला, त्याला नीट सांगा की तू बरोबर केलेस आणि म्हणूनच आकडा बदलतोय. वर्गात त्याचे नाव घेऊन कौतुक करू नका; मधल्या सुट्टीत त्याला तेच ऐकवतील.

कमी केल्याने तो उत्तीर्णच्या रेषेखाली जात असेल तरी आकडा खराच लिहा आणि वर्गाला लागू असलेली फेरचाचणी त्यालाही द्या. एक अट दोन्ही मतांना मान्य आहे: कमी पडलेले गुण दाखवणाऱ्याला वाढवून देताना तुम्ही जेवढे तत्पर असता, तेवढीच तत्परता इथेही हवी. तीस पेपर परत मागवा आणि सगळ्यांच्या बेरजा पुन्हा करा. एकात चूक निघाली तर ती एकटी नसते. गुणतक्त्यात जुना आकडा एका रेघेने खोडा, वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा, सही, तारीख. व्हाइटनर लावू नका.